आयत्या घराच्या किल्ल्या

एका शिक्षणसंस्थेचा संगणक विभाग मी काही वर्षं सांभाळला. पगार, रजा आणि सेवापुस्तकं यांच्यासाठी तिथे नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी दोन आठवड्यांची तयारी करून बसलो होतो. आधीच्या अनुभवावरून तेवढा वेळ लागणार हे मी धरूनच चाललो होतो. प्रत्यक्षात पुरवठादाराकडचा एक तरुण सकाळी दहा वाजता आला. त्याच्या पिशवीत एक हार्ड डिस्क होती. ती त्याने आमच्या सर्व्हरला जोडली, तिच्यातली एक भलीमोठी फाईल उतरवून घेतली, माउसच्या चार-पाच टिचक्या मारल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधी लॉगिनचा पडदा समोर उभा राहिला. ‘‘यात सगळं आलंय, सर,’’ तो म्हणाला. मी खूश झालो. त्या दिवशी मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

तीन वर्षांनी संस्थेने ठरवलं की, सेवापुस्तकात आणि पगारपत्रकावर कर्मचाऱ्यांची नावं मराठीतही असावीत. आस्थापना विभागातल्या बाईंनी आठवडाभर बसून सुमारे चारशे नावं टंकलिखित केली. प्रत्येक नाव पडद्यावर नीट उमटत होतं, ‘जतन झाले’ असा निरोपही येत होता. पुढच्या सोमवारी त्यांनी यादी छापायला घेतली, तर चारशे ओळींत नावं नव्हती. होती ती प्रश्नचिन्हं. लांब नावाला जास्त, आखूड नावाला कमी.

मी आधी छपाईयंत्राला दोष दिला, मग फाँटला. दोन्ही निर्दोष निघाले. दोष त्या तयार फाईलमध्ये होता. ती तयार करताना कुठल्याशा टेबलावर, आमच्या संस्थेचं नावही ठाऊक नसलेल्या कुणीतरी एक निवड केली होती. ती आमच्यापर्यंत न सांगता पोचली होती, आणि ‘सगळं आलंय’ या दोन शब्दांत तीही आली होती.

ही फाईल म्हणजे नेमकं काय, तिच्यात काय काय भरलेलं असतं, आणि ती आपलीशी करायची म्हणजे काय करायचं, हे या लेखात पाहायचं आहे. आज बँका, रुग्णालयं, विद्यापीठं, सरकारी कचेऱ्या यांची मोठमोठी सॉफ्टवेअर बहुतांशी अशाच तयार फाईलींमधून उभी राहतात. आपलं नाव, आपली जन्मतारीख आणि आपलं निवृत्तिवेतन ज्या यंत्रांत असतं, त्यांतली बरीचशी कुणी जागेवर बांधलेली नसतात. ती उतरवून घेतलेली असतात.

यंत्राची फाईल कशी झाली?

या फाईलला संगणकाच्या धंद्यात ‘इमेज’ म्हणतात. इथे इमेज म्हणजे चित्र नव्हे. एखाद्या संगणकाची हार्ड डिस्क, तिच्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमसकट, सॉफ्टवेअरसकट, सेटिंग्जसकट, जशीच्या तशी एका फाईलमध्ये उतरवली की ती इमेज होते. हे शक्य व्हायला आधी खुद्द संगणकालाच कागदी व्हावं लागलं. त्याची गोष्ट साठ वर्षांपूर्वी सुरू होते.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत, केंब्रिजमधल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात सीपी-४० नावाची एक प्रणाली तयार झाली. तेव्हा संगणक खोलीएवढे आणि अतिशय महाग. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचं, तर प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखं वाटावं, अशी ही युक्ती होती. मूळ यंत्रावर एक देखरेख करणारा प्रोग्रॅम बसवायचा. त्याने प्रत्येक वापरकर्त्यासमोर अख्ख्या संगणकाचा आभास उभा करायचा. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं की सगळी मेमरी, सगळी डिस्क आपलीच. १९७२ मध्ये आयबीएमने हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, हा शब्द तिथून रुळला. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी असा आभास कोणत्या संगणकावर चोख उभा राहू शकतो, याच्या अटी गणिती काटेकोरपणाने मांडल्या.

पुढे टेबलावरचे स्वस्त संगणक आले आणि ही कल्पना मागे पडली. प्रत्येकाला स्वतःचं यंत्र मिळत असताना आभास कुणाला हवा? शिवाय या नव्या यंत्रांतल्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांना पोपेक-गोल्डबर्ग यांची अट पुरी करता येत नव्हती. काही आज्ञा अशा होत्या की, आतल्या प्रोग्रॅमने त्या दिल्या तर देखरेख करणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नसे. २००० साली जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियम प्रोसेसरमध्ये अशा १७ आज्ञा मोजून दाखवल्या. पण त्याआधीच स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेंडल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘डिस्को’ नावाच्या प्रयोगातून जुनी कल्पना पुन्हा जिवंत केली होती. १९९८ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी डायेन ग्रीन यांच्याबरोबर व्हीएमवेअर ही कंपनी काढली. अडचणीच्या आज्ञा धावता धावता बदलून घ्यायच्या, असा तोडगा त्यांनी काढला आणि १९९९ मध्ये साध्या संगणकावर आभासी यंत्र चालू लागलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय करून दिली.

या सगळ्यातून जी गोष्ट साधली ती वरवर साधी आहे. यंत्रच आभासी झालं, तेव्हा त्याची डिस्कही आभासी झाली. आभासी डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक फाईल. आणि फाईलची प्रत काढता येते. एक संगणक तयार करायला महिना लागला, तरी दुसरा तयार करायला प्रत काढण्यापुरताच वेळ लागू लागला.

नेपथ्याचा ट्रक

मोठ्या संस्थांच्या सॉफ्टवेअरला या सोयीची किती गरज होती, ते एका उदाहरणाने पाहू. पीपलसॉफ्ट हे मनुष्यबळ आणि हिशेब सांभाळणारं जुनं आणि बलाढ्य सॉफ्टवेअर. डेव्ह डफील्ड आणि केन मॉरिस यांनी १९८७ मध्ये ही कंपनी काढली, २००५ मध्ये ती ओरॅकलने ताब्यात घेतली. हे सॉफ्टवेअर म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे, अनेक थरांची इमारत आहे. तळाशी डेटाबेस, त्यावर व्यवहार चालवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर, त्यावर ब्राउझरशी बोलणारा वेब सर्व्हर, आणि बाजूला रात्रीची पगाराची आणि अहवालांची कामं उरकणारा वेगळा भाग. प्रत्येक थराची आवृत्ती दुसऱ्याच्या आवृत्तीशी जुळावी लागते. एकाचा पत्ता दुसऱ्याला सांगावा लागतो. एका पायरीवर चूक झाली की ती पाच पायऱ्यांनंतर, भलत्याच शब्दांत समोर येते. हे सगळं हाताने बसवणारे जाणकार दिवसच्या दिवस घेत, आणि प्रत्येकाचं बसवणं थोडं वेगळं निघे.

मग बसवलेलं सगळंच उचलून का देऊ नये? २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या कॉन्स्टँटिन सापुंत्झाकिस आणि मोनिका लॅम यांनी ‘आभासी उपकरण’ ही कल्पना मांडली. घरातला मिक्सर आपण सुटे भाग आणून जोडत नाही, प्लग लावतो आणि वापरतो. सॉफ्टवेअरही ऑपरेटिंग सिस्टिमसकट बंद डब्यात यावं. ओरॅकल आणि इतर कंपन्यांनी पुढे आपापल्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या अशा तयार इमेज दिल्या.

एकाची इमेज दुसऱ्याच्या यंत्रावर चालायची तर गाठोडं बांधायची रीत ठरायला हवी होती. २००७ मध्ये डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स या कंपन्यांनी मिळून एक आराखडा डीएमटीएफ या मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे दिला. २००९ मध्ये त्याचं मानक झालं. त्याला ओव्हीएफ म्हणतात.

ओव्हीएफची रचना समजायला दौऱ्यावर निघालेली नाटक कंपनी डोळ्यांसमोर आणावी. कंपनी स्वतःचं नेपथ्य, कपडेपट, सामान ट्रकमध्ये भरून नेते. रंगमंच, वीज आणि खुर्च्या गावच्या नाट्यगृहाच्या. आधी व्यवस्थापक नाट्यगृहाला कळवतो, की एवढा खोल रंगमंच हवा, एवढे दिवे हवेत, एवढ्या खोल्या हव्यात. ओव्हीएफच्या गाठोड्यात असं कळवणारी एक वर्णनाची फाईल असते : किती प्रोसेसर, किती मेमरी, कोणती डिस्क, कोणतं नेटवर्क. दुसरी फाईल म्हणजे पेट्यांची यादी आणि त्यांवरच्या मोहरा. गाठोड्यातल्या प्रत्येक फाईलवरून गणिताने काढलेला एक ठसा त्यात लिहिलेला असतो. वाटेत कुणी फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही. हवी तर पाठवणाऱ्याची डिजिटल सहीही असते. आणि तिसरं म्हणजे खुद्द सामान, डिस्कच्या फाईली. सगळं एका फाईलमध्ये बांधलं की तिला ओव्हीए म्हणतात. आमच्याकडे आलेली फाईल याच जातीची होती.

मात्र ही मोहर फक्त एवढंच सांगते की, पेटी वाटेत उघडलेली नाही. पेटीत काय भरलं होतं, याबद्दल ती काहीच बोलत नाही.

सगळ्या घरांना एकच कुलूप

इमेज उतरवून यंत्र सुरू करणं हा कामाचा पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग, ज्याला कॉन्फिगरेशन म्हणतात, तो त्या यंत्राला स्वतःची ओळख देण्याचा. हा भाग टाळला तर काय होतं?

प्रत्येक सर्व्हरकडे काही गोष्टी अशा असतात की, त्या जगात फक्त त्याच्याकडेच असाव्यात. सर्व्हर खरा आहे हे पटवणारी गुप्त किल्ली, यंत्राचा ओळखक्रमांक, व्यवस्थापकाचा पासवर्ड. इमेज तयार करणाऱ्याने त्या आत तशाच ठेवल्या, तर तिच्यापासून बनलेल्या प्रत्येक यंत्रात त्याच जातात. हजार घरांची वसाहत बांधावी आणि सगळ्या दारांना एकच कुलूप बसवावं, तशातली ही गत. एका घराची किल्ली ज्याच्या हाती लागली, त्याला हजार घरं उघडी.

ही भीती पुस्तकी नाही. ॲमेझॉनने २००६ मध्ये आपले संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि कुणीही आपली इमेज तिथे सार्वजनिक करू लागलं. फ्रान्समधल्या युरेकॉम संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच हजारांहून अधिक इमेज तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींत तयार करणाऱ्याच्या खाजगी किल्ल्या आणि पासवर्ड राहून गेले होते. काहींत त्याने दिलेल्या आज्ञांची नोंद होती. पुसलेल्या फाईली परत मिळवता येत होत्या, कारण डिस्कवर ‘पुसणं’ म्हणजे बहुतेक वेळा अनुक्रमणिकेतली ओळ काढणं, पान फाडणं नव्हे. आणि काहींत तयार करणाऱ्याला स्वतःला आत शिरता येईल अशी सोय शिल्लक होती. त्याने ती मुद्दाम ठेवली की विसरला, हे बाहेरून कळत नाही. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच.

याहून सूक्ष्म अडचण यादृच्छिक आकड्यांची. गुप्त संभाषणासाठी संगणकाला कुणालाही ओळखता न येणारे आकडे सतत लागतात. ते तो स्वतःच्या आतल्या खळबळीतून गोळा करतो. पण आभासी यंत्राचा एखादा क्षण जसाच्या तसा जतन करून पुन्हा त्याच क्षणापासून सुरू करता येतो. तसं केलं तर खळबळही तीच आणि आकडेही तेच. या धोक्याकडे टॅल गारफिंकेल आणि रोझेनब्लम यांनी २००५ मध्येच लक्ष वेधलं होतं. २०१० मध्ये टॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी तो प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवून दिला. ज्यांनी आभासी यंत्रं पुन्हा चलनात आणली, त्यांच्यातलेच एक त्यांच्या मर्यादा सांगत होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

म्हणून चांगली इमेज अर्धवट विसरलेली असावी लागते. विंडोजसाठी सिसप्रेप नावाचं साधन आहे. इमेज गोठवण्याआधी ते यंत्राची खास ओळख पुसून टाकतं. लिनक्समध्ये सर्व्हरच्या किल्ल्या काढून टाकतात आणि ओळखक्रमांकाची फाईल रिकामी ठेवतात, म्हणजे नवं यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा क्रमांक स्वतः घडवतं. भाड्याच्या संगणकांवर क्लाउड-इनिट नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. यंत्र जागं झालं की तो बहुतेक ठिकाणी १६९.२५४.१६९.२५४ या ठरलेल्या पत्त्यावर चौकशी करतो : माझं नाव काय, मला कुणाची किल्ली ओळखायची आहे, मी काय काम करायचं आहे? उत्तरं मिळाली की त्याप्रमाणे यंत्र मांडून घेतो. बारशाला नाव ठेवावं, तसं हे पहिलं जागणं असतं.

सगळ्याच सारखेपणाला घाबरायचं कारण नाही, हेही सांगायला हवं. विंडोज यंत्रांचा ‘एसआयडी’ हा ओळखक्रमांक प्रत काढल्यावर सारखा राहतो म्हणून धोका आहे, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. तो बदलून देणारं एक साधन मार्क रसिनोविच यांनी लिहिलं होतं. २००९ मध्ये त्यांनीच तपासून जाहीर केलं की, यंत्राचा हा क्रमांक सारखा असल्याने तेव्हाच्या विंडोजमध्ये तसं काही बिघडत नाही, आणि आपलं साधन मागे घेतलं. पण सिसप्रेप चालवण्याचा सल्ला त्यांनी कायम ठेवला, कारण त्या एका क्रमांकापलीकडे पुसण्यासारखं बरंच काही असतं.

जन्माच्या वेळी ठरलेल्या गोष्टी

पासवर्ड बदलता येतो, नाव बदलता येतं, किल्ली नवी करता येते. पण इमेजमध्ये काही निवडी अशा असतात की त्या भिंतीत चिणलेल्या असतात. आमच्या चारशे नावांचं उत्तर इथे आहे.

डेटाबेस तयार करताना तो कोणती अक्षरं ओळखणार हे ठरवावं लागतं. आमच्या इमेजमधल्या डेटाबेसला पश्चिम युरोपातल्या भाषांचा अक्षरसंच दिलेला होता. त्यात एकूण २५६ घरं. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अक्षरांची सोय होती, देवनागरी ‘क’ला घर नव्हतं. ज्या अक्षराला घर नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून यंत्र पुढे जातं. इथे एक क्रूर बारकावा आहे. मूळ अक्षर कुठे लपून राहत नाही, जतन होतानाच ते नाहीसं होतं. पुढे कुणी कितीही हुशार माणूस आला तरी प्रश्नचिन्हातून ‘क’ परत काढू शकत नाही. आणि अक्षरसंच बदलणं म्हणजे एखादं बटण दाबणं नव्हे. सगळी माहिती बाहेर काढून, तपासून, नव्या डेटाबेसमध्ये पुन्हा भरावी लागते.

युनिकोडचा अक्षरसंच असला म्हणजेही सुटलो असं नाही. युनिकोड साठवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत यूटीएफ-८. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट जागा लागते, देवनागरी चिन्हाला तीन. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. आपल्या कानाला ती चार अक्षरं, पण संगणक ज, हलन्त, ञ, काना असं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजतो. त्याच्या हिशेबाने ती दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. अनेक जुन्या रचनांत नावाचा रकाना तीस बाइटचा असतो. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये तर वेगळं सांगितलं नाही, तर रकान्याची लांबी बाइटमध्येच मोजली जाते. तेव्हा तीस बाइटच्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ अगदी काठोकाठ बसतो. ‘ज्ञानेश्वरी’ नावाच्या मुलीला मात्र जागा नाही, तिची दीर्घ वेलांटी बाहेर राहते. रोमन लिपीत तेच नाव दहा-बारा बाइटांत आरामात मावतं. ज्याने रकाना आखला त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्यासमोर वेगळी नावं होती, इतकंच.

वेळेचंही तसंच. इमेजमधलं घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेलं असतं. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलच्या पहाटे चार वाजता आपल्याकडे झालेली नोंद त्या घड्याळात ३१ मार्चच्या रात्री साडेदहाची ठरते. घड्याळावरून थेट तारीख उचलणारा प्रोग्रॅम असला, तर नोंद आदल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. वर्ष जानेवारीत सुरू होतं की एप्रिलमध्ये, लाखानंतर स्वल्पविराम कुठे द्यायचा, आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाला जागा आहे की नाही, या साऱ्यांना इमेजमध्ये आधीच काहीतरी उत्तर दिलेलं असतं. रिकामी जागा अशी तिथे नसतेच. आपण निवड केली नाही, तर दुसऱ्याची निवड लागू होते.

पदार्थ आणि कृती

इमेजचा आणखी एक दोष काळाबरोबर उघड होतो. ती गोठवली त्या दिवसाची असते. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी आणि त्यांवरचे उपाय तिला ठाऊक नसतात. दोन वर्षं कपाटात राहिलेली इमेज आज सुरू केली, तर दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या उघड्या खिडक्यांसह ती जागी होते. ती दुरुस्त करून नवी गोठवावी, तर प्रश्न येतो की ती मुळात बनवली कशी होती? ज्याने बनवली तो दुसरीकडे गेलेला असतो. यंत्र चालू असतं, पण ते पुन्हा उभं करता येईल असा माणूस उरत नाही. एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं हाताने केलेल्या बारीकसारीक बदलांमुळे तो जगात एकुलता एक होऊन बसतो, त्याला मार्टिन फाउलर यांनी २०१२ मध्ये ‘हिमकणासारखा सर्व्हर’ म्हटलं. दुसरा तसा घडवता येत नाही.

यावर गेल्या दशकात जो उपाय रुळला तो आपल्या स्वयंपाकघरात जुनाच आहे. पदार्थाबरोबर कृतीही लिहून ठेवा. २०१३ मध्ये मिचेल हाशिमोटो यांनी पॅकर हे साधन आणलं. त्यात इमेज हाताने बनवायची नसते. ती कशी बनवायची याच्या पायऱ्या एका मजकुराच्या फाईलमध्ये लिहायच्या आणि इमेज यंत्राकडून बनवून घ्यायची. बदल हवा तर कृती बदला, इमेज नवी काढा, जुनी टाकून द्या. कृती माणसाला वाचता येते, तिच्यात काय कधी बदललं याची नोंद ठेवता येते, आणि तिच्यावर वादही घालता येतो.

पीपलसॉफ्टनेही हीच वाट धरली. २०१३ च्या सुमारास, ९.२ या आवृत्तीपासून, सुधारणा पोचवण्यासाठी ते व्हर्च्युअलबॉक्सवर चालणारी अख्खी तयार इमेज देऊ लागले. रोजचा कारभार चालवण्यासाठी ती नव्हतीच. तिच्यातून हव्या त्या सुधारणा निवडून आपल्या यंत्रात न्यायच्या, यासाठी होती. पुढे ८.५५ या साधनसंचापासून त्यांनी ‘डिप्लॉयमेंट पॅकेज’ आणली. त्यांत थर वेगवेगळे बांधलेले असतात आणि पपेट नावाचं साधन लिखित कृतीप्रमाणे ते यंत्रावर मांडतं. आपल्या संस्थेच्या निवडी एका वेगळ्या फाईलमध्ये लिहायच्या. कंपनीची कृती एका बाजूला, आपले बदल दुसऱ्या बाजूला. नवी आवृत्ती आली की कंपनीची कृती बदलते, आपली फाईल आपल्याजवळ राहते. सासरहून आलेल्या पुस्तकात समासात स्वतःचं प्रमाण लिहून ठेवणाऱ्या गृहिणीला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

कृती वाचली म्हणजे सगळं कळलं, असं मात्र समजू नये. तिच्यातही ‘अमुक ठिकाणाहून तमुक आणा’ अशा ओळी असतात, आणि त्या तमुकच्या पोटात काय आहे हे पुन्हा दुसऱ्याच्या भरवशावर. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन टॉमसन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेलं भाषण १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी दाखवून दिलं होतं की, मूळ मजकूर ओळ न् ओळ वाचूनही आतला दगा दिसणार नाही, अशी योजना करता येते, कारण त्या मजकुराचा प्रोग्रॅम करणारं साधनच दगाबाज असू शकतं. संपूर्ण खात्री कुणालाच नसते. पण कुठल्या गोष्टीसाठी आपण कुणावर विसंबलो आहोत, हे माहीत असणं आणि नसणं यांत फरक आहे. लिखित कृतीने तेवढं साधतं.

दुसऱ्यांदा

आमची प्रश्नचिन्हं पुढे दूर झाली. आस्थापनातल्या बाईंनी मूळ अर्ज जपून ठेवले होते, म्हणून. कागद नसते, तर काही नावं नेमकी कशी लिहायची हे विचारायला आता माणसंही उरली नव्हती. तीन वर्षांत काही निवृत्त झाली होती, दोघं वारले होते.

नवी इमेज आली तेव्हा तोच तरुण आला होता, आता थोडा थोराड झालेला. या वेळी माझ्याकडे एका कागदावर लिहिलेले प्रश्न होते. ही इमेज कुणी आणि कधी गोठवली? तिच्यातल्या कोणत्या किल्ल्या आणि पासवर्ड पहिल्या सुरुवातीला नवे होतात, कोणते आम्ही बदलायचे? आत तुमच्या लोकांची कोणती खाती शिल्लक आहेत? अक्षरसंच कोणता आणि रकान्यांची लांबी कशात मोजली आहे? घड्याळ कुठलं? गोठवल्यानंतर आलेल्या दुरुस्त्या कधी बसवणार? आणि तुम्ही नसाल तेव्हा हे यंत्र पुन्हा उभं करायचं, तर कृती कुठे लिहिली आहे?

काही उत्तरं त्याला येत होती. बाकीची त्याने फोन करून विचारली. एका प्रश्नावर पलीकडून बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी त्यांनी एक खातं काढून टाकल्याचं कळवलं. अर्ध्या दिवसाच्या कामाला अडीच दिवस लागले. माझ्या वरिष्ठांना ते आवडलं नाही. ‘‘मागच्या वेळी तर जेवणाआधी झालं होतं,’’ ते म्हणाले. ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना बोलावलं आणि चाचणीसाठी एखादं नाव टाकायला सांगितलं. त्यांनी यादी उघडली आणि बोट खाली खाली नेत राहिल्या. मी म्हटलं, ‘‘बाई, कुठलंही टाका.’’

‘‘कुठलंही नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सगळ्यात लांब असेल ते आधी टाकून बघू.’’